चिमूटभर तिखट आणि कांद्याचे बी

तापीच्या काठावरचे सारंगखेडा (ता. शहादा, जि. नंदुरबार) हे गाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे ते घोड्यांच्या बाजारामुळे. दत्तजयंतीला इथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि दूरदूरच्या प्रांतांतून घोडे विक्रीला येतात. घोडा घेणारा जाणकार रंग आणि चाल पाहतोच, पण त्याआधी घोड्याचे तोंड उघडून दात पाहतो. दातांच्या झिजेवरून त्याला जनावराचे वय बरेचसे अचूक सांगता येते.

याच परिसरातला शेतकरी कांद्याचे बी घ्यायला जातो, तेव्हा मात्र त्याच्याजवळ अशी कोणतीच खूण नसते. यंदाच्या उन्हाळ्यात गोंड्यातून झाडलेले बी काळे आणि सुरकुतलेले असते. दोन वर्षांपूर्वीचे बीही काळे आणि सुरकुतलेलेच दिसते. पहिले शंभरातले ऐंशी उगवेल, दुसरे कदाचित दहाही उगवणार नाही. फरक कळतो तो गादीवाफ्यावर टाकून आठ-दहा दिवस पाणी दिल्यानंतर. तोवर पैसे गेलेले असतात आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे पेरणीची वेळ निघून गेलेली असते.

बी घरात साठवताना त्यात राख, कडुनिंबाचा पाला, वेखंड असे काहीतरी घालण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. अशा वनस्पतिजन्य पुडींचा खरोखर उपयोग होतो का? होत असेल तर कसा? आणि त्या पुडीकडून किती अपेक्षा ठेवावी? या प्रश्नांची उत्तरे शोधताना जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि थोडे गणितही कामाला येते. शिवाय त्यातला बराच भाग शाळेत करून पाहता येतो.

बी म्हातारे होते म्हणजे काय होते?

बी ही निर्जीव वस्तू नाही. त्यात एक छोटासा गर्भ असतो आणि त्याच्यासाठी अन्नाची शिदोरी असते. वाळलेल्या बियांत जीवनक्रिया अतिशय मंद चालतात, पण पूर्ण थांबत नाहीत. काही रासायनिक क्रिया तर जीवनाशी संबंध नसलेल्या, केवळ हवेतल्या ऑक्सिजनमुळे घडणाऱ्या असतात.

भाजलेले शेंगदाणे डब्याच्या तळाशी बरेच दिवस राहिले तर खवट लागतात, हे आपल्या परिचयाचे आहे. शेंगदाण्यातल्या तेलात असंतृप्त मेदाम्ले असतात. त्यांच्या दुहेरी बंधांजवळ ऑक्सिजन जोडला जातो आणि मुक्त मूलक नावाचे फार क्रियाशील कण तयार होतात. एक मूलक शेजारच्या रेणूवर हल्ला करतो, त्यातून दुसरा मूलक तयार होतो, तो पुढच्या रेणूवर जातो. एकाला एक लागून पत्ते पडत जावेत तशी ही साखळी चालते.

बियांच्या पेशींभोवतीची पटलेही अशाच मेदाम्लांची बनलेली असतात. साखळी क्रियेने ती जागोजागी फाटतात. असे बी पाण्यात टाकले की पेशींमधली साखर आणि क्षार बाहेर झिरपतात. हे शाळेत दाखवता येते. जुने आणि ताजे चवळीचे प्रत्येकी पन्नास दाणे वेगवेगळ्या पेल्यांत, सारख्याच ऊर्ध्वपातित पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी मल्टीमीटरने दोन्ही पाण्यांचा विद्युतरोध मोजा. ज्या पाण्यात क्षार जास्त झिरपले आहेत त्याचा रोध कमी भरतो. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या बियांची आतली पडझड अशी आकड्यांत दिसते.

यावरून कांद्याचे बी इतके अल्पायुषी का, याचाही थोडा उलगडा होतो. या बियांत तेलाचे प्रमाण बरेच, सुमारे पाचव्या हिश्श्याइतके असते. साध्या खोलीत ठेवलेले कांद्याचे बी वर्षभरात उतरणीला लागते. मिरचीचे बी त्याहून थोडे बरे. टोमॅटो, वांगी, काकडी यांचे बी नीट ठेवले तर काही वर्षे टिकते.

आता आपल्या हवामानाकडे पाहा. कांद्याचे बी तयार होते एप्रिल-मे महिन्यांत. रब्बी कांद्याची रोपे टाकायची ऑक्टोबरच्या सुमारास. म्हणजे आधी खानदेशचा चाळीस अंशांपुढचा उन्हाळा आणि मग अख्खा पावसाळा या बियांना घरात काढावा लागतो. खरिपाच्या कांद्यासाठी ठेवायचे तर पुरे वर्ष. बियांच्या दृष्टीने याहून कठीण परीक्षा कोणती?

हॅरिंग्टनचे दोन नियम

अमेरिकेतील बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांनी बियांच्या आयुष्याविषयी दोन सोपे नियम सांगितले. पहिला : बियांतील ओलावा एक टक्क्याने कमी केला तर आयुष्य दुप्पट होते. दुसरा : साठवणीचे तापमान ५ अंश सेल्सिअसने कमी केले तर आयुष्य दुप्पट होते. हे नियम ढोबळ आहेत. पहिला साधारणपणे ५ ते १४ टक्के ओलाव्यापर्यंत आणि दुसरा ० ते ५० अंशांपर्यंत लागू पडतो. पण अंदाज बांधायला ते उत्तम आहेत.

समजा, कांद्याच्या बियांत १२ टक्के ओलावा आहे. तो ८ टक्क्यांवर आणला तर चार वेळा दुप्पट, म्हणजे २ × २ × २ × २ = १६ पट आयुष्य! तापमान ३५ अंशांवरून २५ वर आणले तर दोन वेळा दुप्पट, म्हणजे ४ पट. भारतातील बीज प्रमाणीकरणाच्या मानकांत कांदा, मिरची, टोमॅटो, वांगी यांच्या बियांसाठी ओलाव्याची कमाल मर्यादा साध्या पिशवीत ८ टक्के आणि हवाबंद पाकिटात ६ टक्के ठेवली आहे, ती याच कारणाने.

हॅरिंग्टन यांनी आणखी एक हिशेब दिला आहे. फॅरनहाइटमधले तापमान आणि हवेची टक्क्यांतली सापेक्ष आर्द्रता यांची बेरीज १०० च्या आत असेल तर साठवण सुरक्षित. समजा, मे महिन्यात खोलीत ४० अंश सेल्सिअस, म्हणजे १०४ अंश फॅरनहाइट तापमान आहे आणि आर्द्रता २५ टक्के आहे. बेरीज १२९. ऑगस्टमध्ये ३० अंश सेल्सिअस, म्हणजे ८६ फॅरनहाइट आणि आर्द्रता ८० टक्के. बेरीज १६६! उन्हाळा आपल्याला भाजून काढतो, पण बियांचा खरा शत्रू पावसाळा आहे. बी हवेतला दमटपणा टिपकागदासारखे शोषून घेते. ७५ टक्के आर्द्रतेच्या हवेत उघडे राहिलेले कांद्याचे बी बारा टक्क्यांच्या आसपास ओलावा धरते. मे महिन्यात कडक वाळवलेले बी कापडी पिशवीत ठेवले, तर जुलैअखेर ती सगळी मेहनत वाया गेलेली असते.

पुडींचा विचार करण्यापूर्वी हे गणित मनात पक्के ठेवायला हवे. वाळवणे आणि हवाबंद ठेवणे ही साठवणीतली मोठी कामे. पुडीचे काम त्यानंतरचे.

पुडी तीन प्रकारची कामे करतात

साठवणीत बियांना तीन गोष्टींपासून धोका असतो : किडे, बुरशी आणि आत्ताच पाहिलेले वार्धक्य. 'बियाला अमुक पाला चांगला' असे आपण सरसकट म्हणतो, तेव्हा तो यांपैकी कोणत्या धोक्यावर चालतो हे विचारायला हवे.

किड्यांपासून सुरुवात करू. टोमॅटो, मिरची, कांदा यांच्या बारीक बियांना साठवणीत किडे सहसा लागत नाहीत. चवळी, वाल यांच्या बियांना मात्र भुंगेरे हमखास लागतात. मादी दाण्यावर अंडे चिकटवते, अळी आत शिरून दाणा पोखरते आणि गोल भोक पाडून भुंगेरा बाहेर येतो. चुलीतली चाळलेली राख इथे दोन तऱ्हांनी उपयोगी पडते. दाण्यांमधल्या फटी बुजल्याने किड्यांना फिरायला जागा राहत नाही. शिवाय राखेचे बारीक कण किड्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडतात आणि त्याच्या शरीरातले पाणी उडून जाते. राखेत विष नाही. किडा अक्षरशः वाळून मरतो.

कडुनिंबाचा मार्ग वेगळा आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेतील एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ च्या सुमारास दाखवून दिले, की निंबोळीच्या गराचे अगदी विरळ पाणी फवारलेली पाने टोळ खात नाहीत. पुढे १९६८ साली इंग्लंडमध्ये बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी निंबोळीतून अझाडिरॅक्टिन हे द्रव्य वेगळे केले. ते किड्याची भूक मारते आणि त्याच्या कात टाकण्याच्या क्रियेत बिघाड करते. दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हे द्रव्य पाल्यापेक्षा निंबोळीच्या गरात पुष्कळ जास्त असते आणि सूर्यप्रकाशात ते लवकर नष्ट होते. म्हणून पाला उन्हात वाळवायचा नाही, सावलीत वाळवायचा.

वेखंडाच्या मुळखंडाची पूड किलोला १० ग्रॅम या प्रमाणात बियाण्यात मिसळण्याची शिफारस तमिळनाडूत केली जाते. तिच्यातील बीटा-असरोन हे द्रव्य किड्यांची वाढ आणि प्रजनन रोखते. पण हेच द्रव्य प्रयोगशाळेतील प्राण्यांत कर्करोगकारक ठरले आहे. म्हणून वेखंड लावलेले बी फक्त पेरायचे, उरले तरी ते खाण्यात जाऊ द्यायचे नाही. 'वनस्पतीचे आहे, म्हणजे निर्धोक आहे' हा समज विद्यार्थ्यांच्या मनातून इथेच काढून टाकता येईल. धोतराही वनस्पतीच आहे.

मिरचीची कहाणी

आता वार्धक्याकडे वळू. इथे नंदुरबार जिल्ह्याच्या अगदी जवळचा पदार्थ भेटतो, तो म्हणजे लाल मिरची. हंगामात नंदुरबारजवळच्या मोकळ्या माळांवर, पथारींवर वाळत घातलेल्या मिरचीचे लालभडक गालिचे पसरलेले असतात. त्या मिरचीची पूड बियाण्याचे आयुष्य वाढवू शकते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल.

हे काम झाले बंगालमध्ये. कोलकाता विद्यापीठातील आर. एन. बसू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरीच वर्षे एका साध्या प्रश्नाचा पाठपुरावा केला. उष्ण आणि दमट प्रदेशातल्या गरीब शेतकऱ्याला शीतगृह परवडत नाही. मग त्याचे बी कसे टिकवायचे? त्यांनी निरनिराळे पदार्थ अगदी बारीक पूड करून कोरड्या बियाण्याला चोळून पाहिले. त्यांत विरंजक चूर्ण होते, ॲस्पिरिनच्या गोळ्यांची पूड होती आणि लाल मिरचीची पूडही होती. प्रमाण किती? एक किलो बियाण्याला मिरचीपूड अवघी एक ग्रॅम. भेंडीपासून गव्हापर्यंत वेगवेगळ्या पिकांत अशी प्रक्रिया केलेल्या बियांची उगवण साठवणीनंतर प्रक्रिया न केलेल्या बियांपेक्षा चांगली राहिली. बसू यांनी १९९४ साली लिहिलेल्या एका विस्तृत आढाव्यात ओल्या आणि कोरड्या अशा दोन्ही प्रक्रियांचा ऊहापोह केला आहे.

चिमूटभर तिखट हे कसे करते? मिरचीचा तिखटपणा कॅप्सायसिन या द्रव्यामुळे असतो. या रेणूत फिनॉल गट असतो. फिनॉल गट आपला हायड्रोजन अणू मुक्त मूलकाला देऊन टाकू शकतो आणि मूलकाची भूक भागली की पुढची साखळी तुटते. अशा पदार्थांना प्रतिऑक्सिडीकारक म्हणतात. हळदीतले कर्क्युमिन आणि लवंगेतले युजेनॉल हेही याच वर्गातले फिनॉल आहेत. मूलकांची साखळी मध्येच तोडली गेल्याने पेशींची पटले अधिक काळ शाबूत राहतात, असे या परिणामाचे स्पष्टीकरण दिले जाते.

मिरचीच्या झाडाने हे तिखट मुळात कशासाठी बनवले, याचा शोधही याच दिशेने जातो. अमेरिकी शास्त्रज्ञ जोशुआ ट्यूक्सबरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोलिव्हियातील जंगली मिरच्यांचा अभ्यास करून २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिथे काही ढेकूणवर्गीय किडे फळाला सोंड खुपसतात. त्या छिद्रातून फ्युझेरियम बुरशी आत शिरते आणि बिया नासवते. कॅप्सायसिन ही बुरशी वाढू देत नाही. ज्या भागात असे किडे अधिक, त्या भागात तिखट मिरचीची झाडेही अधिक आढळली. फळ खाणाऱ्या उंदरासारख्या प्राण्यांना तिखट झोंबते आणि ते दूर राहतात. ते बिया चावून फोडतात, म्हणून झाडाला ते नकोच असतात. पक्ष्यांना मात्र तिखट जाणवत नाही. ते फळ गिळतात आणि बिया अखंड दूरवर टाकतात. म्हणजे तिखट हे मिरचीचे स्वतःचे बीजसंरक्षक आहे. कॅप्सायसिन तयार होते तेही बियांत नाही, तर बिया ज्याला लगडलेल्या असतात त्या आतल्या फिक्या गाभ्यात. बियांच्या अगदी शेजारी!

पुडीने रोप जोमदार होते का?

साठवणीइतकाच दुसरा दावा वाढीबद्दल केला जातो. इथे जरा सावधपणे पाहायला हवे. वार्धक्य रोखलेले बी आपोआपच लवकर आणि एकसारखे उगवते, रोप जोमदार दिसते. ही पुडीची 'खत' म्हणून करामत नसते. बियांची मूळची ताकद वाचली, इतकाच त्याचा अर्थ.

काही पाल्यांत मात्र वाढीवर परिणाम करणारी द्रव्ये असतात. शेवग्याच्या पाल्यात झिआटिन हे सायटोकायनिन वर्गातले संप्रेरक आढळते. ते पेशीविभाजनाला चालना देते. तमिळनाडू कृषी विद्यापीठात अरप्पू नावाच्या, शिरीषाच्या कुळातल्या झाडाच्या पाल्याची आणि करंजाच्या पाल्याची पूड खळीसारख्या चिकट पदार्थाने बियांवर थापून गोळ्या बनवण्याच्या पद्धतीवर बरेच काम झाले आहे. अशा गोळीमुळे बारीक बी हाताळायला सोपे जाते आणि उगवताना त्याच्याभोवती अन्नद्रव्ये राहतात. ही प्रक्रिया पेरणीच्या वेळी करायची असते, साठवणीसाठी नाही.

उलट परिणामही होऊ शकतो. अनेक वनस्पतींच्या पाल्यात दुसऱ्या बियांची उगवण दाबणारी द्रव्ये असतात. निलगिरी आणि गाजरगवत यांची उदाहरणे प्रसिद्ध आहेत. कडुनिंबाची पूडही भरमसाट वापरली तर उगवणीला मारक ठरते. 'थोडे चांगले, तर जास्त अधिक चांगले' हा हिशेब इथे चालत नाही.

गादीवाफ्यात रोपे कोलमडण्याचा रोग जमिनीतल्या बुरशींमुळे होतो. साठवणीसाठी लावलेली चिमूटभर पूड तो रोखेल अशी आशा धरू नये. त्यासाठी निचरा होणारा गादीवाफा, पातळ पेरणी आणि ट्रायकोडर्मासारख्या मित्रबुरशीची बीजप्रक्रिया हे वेगळे उपाय आहेत.

जुने ज्ञान : काय घ्यायचे, काय तपासायचे?

बियाण्यावर प्रक्रिया करण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पेरणीपूर्वी धान्याचे बी काही दिवस रात्री दवात आणि दिवसा उन्हात ठेवावे असे सांगितले आहे. सरकीसारख्या बियांना शेण चोळावे असेही म्हटले आहे. यातला पहिला उपाय आजच्या शास्त्रज्ञाला ओळखीचा वाटेल. बसू यांच्या गटाने जुन्या होत चाललेल्या बियाण्यासाठी हेच सुचवले : थोडा वेळ भिजवायचे आणि पुन्हा पहिल्याइतके कोरडे करायचे. थोडे पाणी मिळताच पेशींमधली दुरुस्तीची यंत्रणा जागी होते आणि उगवण सुरू होण्याआधीच बी पुन्हा वाळवले जाते. त्यांच्या कामातून आणखी एक उपयुक्त फरक पुढे आला. ताज्या, जोमदार बियाण्याला कोरडी पूड मानवते. काही महिने साठवलेल्या, जोम थोडा उतरलेल्या बियाण्याला भिजवून-वाळवण्याची प्रक्रिया अधिक लाभते. मेलेल्या बियांना मात्र कोणतीच पूड जिवंत करत नाही.

अलीकडच्या काळात अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांच्या बीजबँकेमुळे घरगुती साठवणीकडे पुन्हा लक्ष गेले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामाला साहाय्य करणाऱ्या बाएफ या संस्थेने नंदुरबार जिल्ह्यातही, सातपुड्यातल्या धडगाव भागात मका आणि ज्वारीच्या स्थानिक वाणांचे जतन केले आहे. कंपनीच्या संकरित वाणाचे बी धरले तर पुढच्या पिढीत गुण फुटतात आणि पीक एकसारखे येत नाही. स्थानिक आणि सरळ वाणांचे बी मात्र घरी धरता येते. त्या वाणाचे बी बाजारात मिळत नसेल आणि घरचे बी पावसाळ्यात मेले, तर पुढच्या वर्षी ते विकतही मिळणार नाही. एखाद्या वाणाचा वंश कधी कधी एका मडक्यात शिल्लक असतो. बियाणे टिकवण्याचा प्रश्न म्हणूनच केवळ पैशांचा राहत नाही.

शाळेत करून पाहा

हा प्रयोग जूनमध्ये सुरू करून दिवाळीच्या सुमारास संपवता येतो.

रासायनिक औषध न लावलेले, यंदाचे कांद्याचे बी २५० ग्रॅम मिळवा. हजार बियांचे वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे एवढ्यात सत्तर हजारांवर बिया असतील. बी सावलीत, हवेशीर जागी नीट वाळवून त्याचे ५० ग्रॅमचे पाच भाग करा.

१. काहीही न लावलेले बी.
२. लाल मिरचीची पूड लावलेले बी.
३. सावलीत वाळवलेल्या कडुनिंबाच्या पाल्याची पूड लावलेले बी.
४. विटकरीची वस्त्रगाळ पूड लावलेले बी.
५. काहीही न लावलेले, पण कोरड्या हवाबंद बाटलीत ठेवलेले बी.

पहिल्या चार पिशव्या कापडी असाव्यात आणि एकाच कपाटात एकत्र ठेवाव्यात. पाचव्या बाटलीच्या तळाशी, कापडाच्या पुरचुंडीत, कढईत कोरडे भाजून बंद डब्यात गार केलेले मूठभर तांदूळ ठेवा. ते बाटलीतला ओलावा ओढून घेतील.

मिरची चांगली तिखट आणि कडक वाळलेली असावी. ती घरीच कुटावी, कारण बाजारच्या पुडीत तेल किंवा मीठ असू शकते. कुटताना नाका-डोळ्यांची काळजी घ्या. पाला बोटांनी चुरडला की भुगा होईल इतका वाळलेला हवा, नाहीतर पुडीबरोबर आपणच ओलावा आणि बुरशी आत सोडू. किलोला एक ग्रॅम म्हणजे ५० ग्रॅमला पन्नास मिलिग्रॅम! शाळेच्या तराजूवर इतके लहान वजन होणार नाही. म्हणून एक ग्रॅम पूड मोजून काचेवर सरळ, एकसारख्या रेघेत पसरा आणि पट्टीने मोजून तिचे वीस समान तुकडे करा. एक तुकडा एका भागाला पुरे. तुलना न्याय्य व्हावी म्हणून तिन्ही पुडी याच प्रमाणात लावा. पूड आणि बी डब्यात घालून झाकण लावून पाच मिनिटे हलवा. पहिल्या आणि पाचव्या भागातले बीही, पूड न घालता, तितकेच हलवा.

विटकरीची पूड कशासाठी, असे विद्यार्थी विचारतील. विचारायलाच हवे. समजा, मिरची लावलेले बी जास्त उगवले. ते मिरचीतल्या द्रव्यामुळे, की नुसती कोणतीतरी पूड बियांवर बसली म्हणून? विटकरीच्या भागाशी तुलना केली की याचे उत्तर मिळते.

जूनमध्ये सुरुवातीला आणि मग ऑक्टोबरमध्ये उगवण तपासा. ओल्या टिपकागदावर किंवा जाड कागदाच्या गुंडाळीत प्रत्येक भागातले ४०० दाणे, शंभर-शंभरच्या चार गटांत ठेवा. कांद्याची मोजणी सहाव्या आणि बाराव्या दिवशी करतात. मोजणाऱ्या विद्यार्थ्याला कोणता गट कोणत्या पिशवीतला हे सांगू नका. गटांना फक्त क, ख, ग अशी अक्षरे द्या. आपल्याला हवा तो निकाल डोळ्यांना दिसू लागतो, त्यावरचा हा उत्तम उपाय आहे.

चारशेच का? थोडे गणित करू. बियांची खरी उगवण ७० टक्के असेल आणि आपण शंभरच दाणे घेतले, तर निव्वळ योगायोगाने ६१ पासून ७९ पर्यंत कोणताही आकडा सहज येऊ शकतो. म्हणजे एका गटात ६६ आणि दुसऱ्यात ७३ आले, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. चारशे दाणे घेतले की हा पसारा निम्मा होतो, साधारण साडेचार टक्के इकडे-तिकडे. बीज-परीक्षण प्रयोगशाळाही चारशे दाणे घेतात. 'आमच्याकडे करून पाहिले, फरक पडला' असे कुणी सांगितले, तर किती दाणे मोजले हा पहिला प्रश्न विचारावा आणि प्रक्रिया न केलेले बी शेजारी ठेवले होते का, हा दुसरा.

हिशेब शेवटी कुणाच्या बाजूने?

हॅरिंग्टनच्या नियमांवरून पाचव्या बाटलीतले, कोरडे ठेवलेले बी इतर चारही भागांना मागे टाकेल असा अंदाज करता येतो. मिरचीची पूड लावलेले बी पहिल्या भागापेक्षा किती पुढे राहते, हे तुमच्या गावातल्या पावसाळ्यावर आणि मुळात बी किती जोमदार होते यावर ठरेल. एखाद्या वर्षी फरक दिसणारही नाही. तोही निकालच आहे, तो वहीत जसाच्या तसा लिहावा. प्रयोगातले बी कुणी खाऊ नये आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, एवढे मात्र सक्तीने पाळा.

कांदा लावायला हेक्टरी आठ ते दहा किलो बी लागते. प्रमाणित बियांची किमान उगवण ७० टक्के ठरलेली आहे. ती ३५ वर उतरली तर रोपे निम्मीच मिळतात आणि ती भरून काढायला हंगाम थांबत नाही. ऑक्टोबरात वाफा रिकामा दिसल्यावर नवे बी आणून टाकायचे म्हणजे लागण लांबणार आणि कांदा पोसायच्या वेळी उन्हाळा गाठणार. हे नुकसान टाळायला शेतकऱ्याला महागडे काही लागत नाही. पेरणीच्या तीन आठवडे आधी शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे आणि बारा दिवसांनी मोजायचे, इतकेच. शंभर दाण्यांतली चूक आपण वर पाहिली. पण सत्तर आणि पस्तीस यांतला फरक ओळखायला शंभर दाणे पुष्कळ झाले.

हे काम सातवी-आठवीचा कोणताही विद्यार्थी करू शकतो. सप्टेंबरमध्ये मुलांना घरून शंभर-शंभर दाण्यांच्या पुड्या आणायला सांगा, प्रत्येकीवर नाव आणि वाण लिहा, वर्गात उगवण मोजा आणि आकडा चिठ्ठीवर लिहून मुलांबरोबर घरी पाठवा. बियांना दात नसतात, पण त्यांची पारख करायची ही रीत गावातल्या प्रत्येक शाळेला जमण्यासारखी आहे.